गोपाळच्या वाटचा जुलाब

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आणि असले अनुभव रंगवून सांगणाऱ्या माणसांवर तर त्याहून नव्हता. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात एक तरी काका असा निघतोच, ज्याला उसाच्या वाटेवर पांढऱ्या साडीतली बाई भेटलेली असते. तेव्हा काकांच्या पोटात किती रम होती, हे मात्र काका सांगत नाहीत. अशा काकांना मी तोंडावर हसलेली आहे. म्हणून आता तुम्ही मला हसलात तर माझी काही तक्रार नाही…

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हा अनुभव संडासाचा आहे. आडून आडून नव्हे, अगदी तिथलाच. कुणी जेवता जेवता वाचत असेल तर आधी ताट संपवा, हात धुवा आणि मग या.

मी मॉरिशसची. माझे पणजोबा रत्नागिरीकडून मजूर म्हणून ऊस तोडायला इथे आले आणि इथलेच झाले. मी शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. त्यामुळे माझी लिहिण्याची मराठी पुस्तकातली, पण घरात आम्ही बोलतो ती वेगळी — कोकणातली जुनी बोली आणि तिच्यात कालवलेली क्रेओल, ही इथली फ्रेंच वळणाची भाषा. त्या दिवशीचं बोलणं मी जसं झालं तसंच लिहिलं आहे. ते शुद्ध करायला माझं मन धजत नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही तेव्हा नुव्हेल फ्रांसला राहायचो. मॉरिशस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर निळा समुद्र येतो, पण आमच्या गावात त्यातलं काही नाही. बेटाच्या दक्षिणेला उंचावर वसलेलं गाव… थंडी, झिमझिम, धुकं आणि भाजीचे मळे. माझा नवरा गोपाळ क्युरपिपला सरकारी कचेरीत कारकून होता. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. घर अर्धं सिमेंटचं, अर्धं पत्र्याचं. संडास मागच्या परसात, भाजीच्या वाफ्यांपलीकडे. त्याला पत्र्याचं दार, दाराला आतून कडी, आत पाण्याची बादली आणि टमरेल. ही जागा नीट लक्षात ठेवा.

गोपाळला शौचातून रक्त पडत होतं, आणि ते त्याने कित्येक महिने माझ्यापासून लपवलं. मला कळलं ते कपडे धुताना. विचारलं तर म्हणाला, "मूळव्याध हाय, जाईल." कुणी सांगितलं मूळव्याध आहे? कुणी नाही, त्यानेच ठरवलेलं! पॅन्टच्या पट्ट्याला नवीन भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मी त्याला अक्षरशः हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पोट दाबून बघितलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का? गोपाळ खाली बघत पॅन्टचा पट्टा आवळू लागला. उत्तर घरी आल्यावर सासूबाईंनी दिलं.

"तेचा बाप असाच गेला. रगत जाऊन जाऊन."

माझे सासरे माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी वारले होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पोटाच्या दुखण्याने गेले एवढंच मला माहीत होतं, आणि आमच्याकडे पोटाचं दुखणं म्हणजे काहीही असू शकतं.

डॉक्टर म्हणाले, आतून बघितल्याशिवाय कळणार नाही. कोलोनोस्कोपी करायला हवी. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लांब काळी नळी, तिच्या टोकाला दिवा, ती मागून आत घालून सगळं आतडं डोळ्याने बघायचं. ते करणारे एक डॉक्टर रेयुनियों बेटावरून अधूनमधून यायचे, एका खाजगी दवाखान्यात काही दिवस रोगी तपासायचे आणि विमानाने परत जायचे. या खेपेला एकच जागा उरली होती, सोमवारी सकाळची. त्यानंतर ते पुन्हा कधी येतील ते कुणालाच सांगता येईना. आमच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मादाम, मला जी शंका आहे ती खरी असेल तर थांबायला वेळ नाही." त्या वाक्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता तयारी. दवाखान्यातल्या नर्सने सगळं तोंडीच समजावलं. आतडं धुतलेल्या ग्लासासारखं लख्ख पाहिजे. रविवारी घन काही खायचं नाही, फक्त गाळलेलं सूप, साखरपाणी, बिनदुधाचा चहा. आणि दुपारपासून त्या डॉक्टरांनी आणलेली पावडर मोठं पातेलंभर पाण्यात कालवून, ग्लासामागून ग्लास प्यायची. मग जुलाब सुरू होतील. होत राहिले पाहिजेत. शेवटी नुसतं पाणी पडलं पाहिजे, फिकट पिवळं, आरपार दिसेल असं. "थोडा जरी गाळ असला तर डॉक्टर नळी घालणार नाहीत. घालून उपयोगच नाही, काही दिसत नाही," ती म्हणाली. पावडर एकदाच पुरेल एवढीच होती, जास्तीची नव्हती.

मुलांना मी माझ्या माहेरी, कांप दे मास्कला पाठवलं. घरात तिघंच उरलो.

रविवारी दुपारी गोपाळने पहिला ग्लास तोंडाला लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला विषच देतेय.

"शांता, ह्यात मासा तेवडा न्हाय. बाकी अख्खा समुद्र हाय."

"बोलू नका, प्या."

बिचारा प्यायला. पहिले ग्लास पोटात नुसते गुडगुडत राहिले, आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. छत्री घेऊन परसात पळायचं, परत यायचं, अंथरुणावर टेकायचं आणि टेकतोय तोच पुन्हा उठायचं. बाहेर बारीक पाऊस. चिखलात वहाण रुतायची, हा वहाण तिथेच सोडून अनवाणी पळायचा. मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. तो प्रत्येक वेळी परत आला की मी निर्लज्जासारखी विचारायचे, कसं आहे, पाणी आहे की गाळ आहे? तो लाजून म्हणायचा, "गाळ हाय अजून."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मी त्या दिवशी नीट बघितलं असतं तर पुढचं टळलं असतं. गोपाळच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, ती तान्ही असतानाच हगवणीने गेली. त्यामुळे त्यांच्या लेखी पोट सुटणं म्हणजे साक्षात मरण. नर्सने सांगितलेलं मी त्यांना चारदा समजावलं होतं. त्यांनी मानही हलवली होती. पण मान हलवणं वेगळं आणि पोटचा पोर पांढराफटक होताना बघणं वेगळं.

सकाळी आम्हाला न्यायला टॅक्सी ठरवायची होती. फोन होता तो दुकानदाराकडे. म्हटलं, पटकन जाऊन येते. टॅक्सीवाला घरी नव्हता, त्याची बायको म्हणाली थोड्या वेळाने करा… असं करता करता मला बराच उशीर झाला.

परत आले तर घर शांत. गोपाळ गोधडी पांघरून पडलेला. चेहऱ्यावर केवढं तरी समाधान.

"थांबला गो एकदाचा," तो म्हणाला.

"थांबलं? पाणी पडलं का शेवटी?"

"न्हाय. पन थांबला. आईनं चाय दिला गरम, बिनदुधाचा. पोट एकदम बसला."

मी कप उचलून नाकाशी धरला. चहा कसला! अयापानाची पानं आणि पेरूचे, आमच्या गुयावचे, कोवळे कोंब उकळून केलेली तिझान. मॉरिशसमधल्या कुठल्याही घरात, मग ते मराठी असो, तमिळ असो की क्रेओल, जुलाब थांबवायला पिढ्यान् पिढ्या जो काढा देतात, तो! परसातली पानं, परसातले कोंब, आणि सासूबाईंचा हात असा की तो काढा घेतल्यावर बैलाचंही पोट बांधलं जाईल. आतडं रिकामं करायला आम्ही जीव पणाला लावला होता, आणि तिने मायेने त्याला बूच मारलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे बोललेलं सगळं लिहीत नाही.

"आई, तुमी काय केलांत हे?"

"पोराचा जीव चालला व्हता, शांता. मिठाच्या पान्यानं तेचे डोळे आत गेले व्हते. मी बघत बसू?"

"उद्या डाक्तर हात लावनार न्हाय तेंना! कळतंय का तुमाला? उद्या न्हाय तर कवा? कोन देनार आपल्याला दुसरा दिस?"

"बे… मला काय म्हाईत," त्या म्हणाल्या. "मी तेच्या बापाला पन हीच तिझान दिली. वरीसभर दिली."

ज्या बाईने एका माणसाला वर्षभर काढे पाजून गमावलं होतं, तिच्यावर मी ओरडत होते. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मग मी जिवाचं रान केलं. पातेल्यात उरलेलं सगळं पाणी गोपाळला पाजलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. त्याचं पोट ढोलासारखं फुगलं, वर बोटाने टिचकी मारली तर आवाज यावा असं. खोलीत फेऱ्या मारायला लावल्या, गरम पाण्याची पिशवी लावली, पोट चोळलं. डोक्याला लावायचं एरंडेल होतं, ते चमच्याने दिलं, ते त्याने जसंच्या तसं ओकून टाकलं. पुन्हा दुकानदाराकडे पळत जाऊन दवाखान्यात फोन केला. रविवार. फोन उचलला तो माणूस एवढंच म्हणत राहिला, "द्येमें, मादाम, द्येमें" — उद्या, उद्या. अरे, उद्या काय करू? आजच तर सगळं आहे! औषधाचं दुकान बंद. परत येताना रस्त्यात मी रडले. भर रस्त्यात, शाळेतल्या मुलांच्या आया समोरून जात असताना.

घरी आले तोवर धुकं खाली उतरलं होतं. आमच्याकडे हिवाळ्यात चार वाजले की ते मळ्यांवर येऊन बसतं, परसातलंसुद्धा धड दिसत नाही. गोपाळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पलंगावर बसले तसं म्हणाला,

"राहू दे, शांता. बाबांचा पन असाच झाला."

आणि त्याने डोळे मिटले. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. मी दुसऱ्या बाजूला बसले. त्या वेळी मी इतकी हरलेली होते की देवाचं नावही तोंडात आलं नाही.

तेवढ्यात मागे पत्र्याचं दार वाजलं आणि कडी लागली.

आम्ही दोघींनीही ऐकलं. मागोमाग कण्हणं आलं. मी ताडकन उठले. गोपाळ! पुढच्या दाराने, घराला वळसा घालून गेला असणार. सुरू झालं! मी सगळं भांडण विसरून सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "आई, झाला सुरू!"

मी देव पाण्यात घातल्यासारखी कान लावून उभी राहिले. ते कण्हणं ऐकवत नव्हतं. दुपारी गोपाळ कुंथत होता, कुरकुरत होता, पण हे तसलं नव्हतं. कुणी ओलं कापड पिळावं तसं आतून पिळून निघत होतं. मधेच थांबायचं, धाप लागल्यासारखा श्वास यायचा, पाणी ओतल्याचा आवाज यायचा आणि पुन्हा सुरू. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला आनंद होत होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती, कारण आत माणसाचे हाल चालले होते.

शेवटी सासूबाई मागच्या दारात गेल्या आणि धुक्यात हाक मारली, "झाला काय?"

तिकडून उत्तर आलं. आवाज जाडसर, घसा बसलेला.

"होतंय. तू जा आत."

माझ्या मनात आलं, केवढा घसा बसलाय याचा. एवढंच. पण सासूबाईंनी दाराची चौकट धरली आणि त्या हळूहळू उंबऱ्यावरच खाली बसल्या. मला वाटलं, पोराच्या काळजीने चक्कर आली. त्यांना पाणी दिलं आणि गोपाळसाठी कोरडे कपडे काढून ठेवावेत म्हणून खोलीत गेले.

गोपाळ पलंगावर झोपलेला होता.

भिंतीकडे तोंड, तोंड जरा उघडं, गाढ झोप. मी गोधडी उचलून बघितली. पाय कोरडे, स्वच्छ. दुपारी मी स्वतः धुतलेल्या वहाणा दाराशी तशाच. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तर तो गरम होता आणि शांत श्वास घेत होता… आणि मागच्या बाजूने पुन्हा ते कण्हणं ऐकू आलं.

मी घाबरले, पण त्याच वेळी मला संतापही आला. म्हटलं, मळ्यातला कुणी मजूर शिरला असणार. आमच्या घरात हा प्रसंग आणि याला आमचाच संडास सापडला! छत्री उचलली आणि तणतणत परसात गेले. दुपारभर पावसाने वाटेवरचे पायाचे ठसे पुसून गेले होते, चिखल सपाट झाला होता. त्यात उमटत होती ती फक्त माझी पावलं. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर ध्यानात आलं.

दाराशी जाऊन विचारलं, "कोन हाय?" कण्हणं थांबलं. आत कुणीतरी धापा टाकत होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर, फक्त पत्रा मधे. मी क्रेओलमध्ये विचारलं, "की साना ला?" दार ढकललं. आतून कडी होती. मग टमरेलाने पाणी ओतल्याचा आवाज झाला, सावकाश, नीट, सांडू नये असं. टमरेल सिमेंटवर ठेवलं गेलं. कडी निघाली. दार थोडं उघडलं.

आत कुणी नव्हतं.

संडासाला दुसरी वाट नाही. मागे भिंत आहे, वर पत्रा आहे. फरशी ओली होती. दवाखान्याला फोन करायला जायच्या आधी मी काठोकाठ भरून ठेवलेली बादली रिकामी होती, आणि मी गेल्यापासून गोपाळ तिकडे फिरकलाच नव्हता. आणि वास… तिथे जो यायला हवा तो नव्हता. रक्ताचा होता. नवऱ्याचे ते कपडे धुतलेल्या बाईला तो वास कुणी सांगावा लागत नाही.

मागून कुणीतरी माझा दंड धरला आणि मी किंचाळले. सासूबाई होत्या, डोक्यावर पदर, पावसात भिजलेल्या. त्यांनी उघड्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

"आत चल, शांता," त्या हळूच म्हणाल्या. "तेला लाज वाटते."

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला सांगितलं ते असं. सासरे आजारी होते तेव्हा वर्षभर तासन् तास त्या संडासात बसायचे. सासूबाई या दारात उभ्या राहून विचारायच्या, "झाला काय?" आणि ते रोज एकच सांगायचे, "होतंय. तू जा आत." दुसरं काही नाही. किती दुखतंय, किती रक्त जातंय, काही नाही. शेवटच्या दिवसापर्यंत नाही. मी म्हणाले, "आई, उगाच काहीतरी." पण माझाच आवाज मला पटत नव्हता.

खोलीत जाऊन गोपाळच्या पोटाला हात लावला. ढोल उतरला होता. पोट सपाट, मऊ, बाळाच्या पोटासारखं. चादर कोरडी, कपडे कोरडे. तो सकाळपर्यंत एकदाही उठला नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण मी पलंगाला पाठ टेकून खाली जमिनीवर बसले होते आणि सासूबाई दाराशी.

सकाळी दवाखान्यात मी नर्सला सगळं खरं सांगितलं. म्हणजे तिझानपर्यंतचं. ती संतापली.

"गुयावची तिझान? जुलाब चालू असताना? मग आलात कशाला, मादाम? डॉक्टरांचा वेळ फुकट, तुमची फेरी फुकट. न्या त्यांना घरी."

मी तिच्या हातापाया पडले. हे शब्दशः घ्या. शाळेत शिकवणारी बाई, इस्त्रीची साडी, आणि दवाखान्याच्या फरशीवर वाकून मी तिचे पाय धरले. म्हटलं, एकदा बघा तरी. फक्त एकदा. गोपाळ म्हणत होता, "ऊठ गो, ऊठ, चल जाऊ." त्याला माझी लाज वाटत होती की स्वतःची, कोण जाणे.

मला गप्प करायला म्हणूनच तिने त्याला आत नेलं आणि एनिमा दिला. पडेल तो गाळ मला दाखवायचा आणि हाकलून द्यायचं, असा तिचा विचार असणार. थोड्या वेळाने ती बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता, आणि त्या जागी काय आलं होतं ते मला ओळखता येईना.

"प्रॉप," ती म्हणाली. "ब्यें प्रॉप, एकदम स्वच्छ. पाणी घातलं तसं बाहेर आलं. तुम्ही नक्की तिझान दिली होती?"

डॉक्टरांनी नळी घातली. मोठ्या आतड्याच्या एका वळणावर, घडीमागे, त्यांना ती गाठ दिसली. बाहेर येऊन ते फ्रेंचमध्ये बोलले, नर्सने मला सांगितलं. आतडं इतकं स्वच्छ नसतं तर ही गाठ नजरेतून सुटली असती, कारण ती लहान होती. लहान होती म्हणूनच वेळेत सापडली. पुढे ऑपरेशन झालं, आतड्याचा तेवढा तुकडा काढला, आणि गोपाळ वाचला. आज म्हातारा झालाय, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो आणि हे सगळं थोतांड आहे असं म्हणतो. त्याच्या मते पावडरीनेच काम केलं. त्याला त्या संध्याकाळचं एवढंच आठवतं की अचानक दुखायचं थांबलं आणि छान झोप लागली.

पावडरीचं मीही खूप वर्षं धरून ठेवलं होतं. जितके डॉक्टर भेटले त्यांना विचारलं. एक म्हणाले, दुपारीच पोट साफ झालं असणार, तुमच्या नवऱ्याला कळलं नसेल. असेल. दुसरे म्हणाले, उरलेलं पाणी अंगात जिरलं असेल. मी विचारलं, आणि गाळ? तर ते म्हणाले, मादाम, तुम्ही फार विचार करता. बरं, पोटाचं सगळं मान्य केलं, तरी त्या बंद दाराआड कोण होतं? कडी कुणी काढली, बादली कुणी रिकामी केली? आणि दोघी जणींना एकच उत्तर कसं ऐकू आलं? मला माहीत नाही. भुतं नसतात असंच मी अजूनही म्हणते. फक्त आता आवाज थोडा खाली करून म्हणते.

एक गोष्ट सांगून थांबते. ऑपरेशननंतर गोपाळ घरी आला आणि त्याने पहिल्यांदा दोन घास भात खाल्ला, त्या दुपारी मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुमाला भ्या न्हाय वाटला त्या दिशी?"

मला वाटलं त्या रडतील, किंवा हात जोडतील. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. त्या चिडल्या होत्या. एवढ्या चिडलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"भ्या कसला? माजा मानूस तो. मला राग आला. सवताच्या येळेला वरीसभर कन्हला, मला दाराबाहेर उभी केली, डाक्तराकडं चला म्हटला तर लाज. पोराच्या येळेला बरा आला! आला तर आला, नि मला परत तेच सांगतो, तू जा आत…" त्यांनी ताट आणखी लांब ढकललं. "मेल्यावर तरी सांगायचा व्हता गो, किती दुकतंय ते."

मी त्यांचं ताट परत पुढे ओढलं आणि त्यात भात वाढला. त्यांना किती दुखत होतं, हा प्रश्न सासूबाई जाईपर्यंत त्यांच्या मनात होता हे मला ठाऊक आहे.